स्वाराविना घोडा : मकबूल फिदा हुसेन यांच्या चित्रांतील शोक, पुराकथा आणि विधी

प्रास्ताविक

मकबूल फिदा हुसेन (१९१५–२०११) यांच्याविषयी जे लिहिले आणि बोलले जाते, त्याचा बराचसा भाग दोन विषयांनी व्यापलेला असतो. एक त्यांच्या चित्रांवरून झालेले वाद आणि दुसरा त्यांच्या चित्रांना मिळालेल्या किमती. या दोहोंच्या गदारोळात चित्र पाहण्याचे काम मागे पडते. 'घोड्यांचा चित्रकार' ही लोकप्रिय ओळखही अशीच वरवरची आहे. हा घोडा सामर्थ्य, वेग आणि पौरुष यांचे प्रतीक होय, असे सांगून त्याचे विवेचन संपविले जाते. परंतु या घोड्यांविषयीची एक साधी गोष्ट क्वचितच विचारात घेतली जाते. ती म्हणजे, हुसेन यांच्या बहुसंख्य घोड्यांवर स्वार नाही.

प्रस्तुत लेखात या रिकाम्या पाठीपासून आरंभ करून हुसेन यांच्या कलेतील शोकाचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे. हुसेन यांच्या चित्रांतील शोक मृत देहाचे दर्शन घडवीत नाही. गेलेल्या व्यक्तीने मोकळी केलेली जागा तो जपतो आणि ती जागा मिरवणुकीने पुढे नेतो, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे. ही रीत त्यांना आधुनिक युरोपीय कलेतून मिळालेली नाही. ती दख्खनच्या आणि माळव्याच्या लोकविधींत पूर्वीपासून आहे. सोलापूर जिल्ह्यातील वाचकाला ती ओळखीची वाटावी, अशीही आहे.

दोन मिरवणुका, दोन घोडे

हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा. सुलेमानी बोहरा या शिया पंथीय समाजातील हे कुटुंब होते. हुसेन दोन वर्षांचे होण्यापूर्वीच त्यांच्या आईचे निधन झाले. पुढे वडिलांनी दुसरा विवाह केला आणि कुटुंब इंदूरला स्थायिक झाले. त्यामुळे पंढरपूर हे हुसेन यांच्या आठवणींचे गाव आहे असे म्हणता येणार नाही. तथापि ज्या भूप्रदेशात ते जन्मले, तेथील विधिपरंपरा लक्षात घेतल्या तर त्यांच्या चित्रभाषेचे आकलन सुलभ होते.

पंढरपूरची भीमा पुढे जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहत जाते. या सीमेच्या बाजूला अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी, दुधनी यांसारखी गावे आहेत. मराठी, कन्नड आणि दख्खनी उर्दू अशा तीन भाषा येथे एकाच बाजारात बोलल्या जातात. हा सारा मुलूख दीर्घकाळ विजापूरच्या आदिलशाहीच्या प्रभावाखाली होता आणि त्या घराण्याने सोळाव्या शतकाच्या आरंभी शिया पंथाचा स्वीकार केला होता. या पट्ट्यातील मोहरम एका धर्मापुरता मर्यादित राहिला नाही, याचे एक कारण या इतिहासात सापडते. येथील गावोगावच्या मोहरमात पंजे बसविले जातात, सवाऱ्या निघतात, अलाव्यात विस्तव पेटतो. हिंदू घरांतूनही नवस बोलले जातात, मुलांना फकीर केले जाते, चोंगे आणि मलिदा यांचा नैवेद्य होतो. उत्तर कर्नाटकात या प्रसंगी कन्नड रिवायत पदे गायिली जातात. इ. स. ६८० मध्ये इराकातील करबला येथे इमाम हुसेन आणि त्यांचे सोबती मारले गेले. त्या घटनेचा शोक इतक्या दूरच्या भूमीत, इतक्या निराळ्या भाषांत शतकानुशतके टिकून राहिला तो विधीच्या बळावर.

या विधीची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. ताबूत म्हणजे दफनस्थळाची प्रतिकृती, पण तिच्यात देह नसतो. पंजा म्हणजे हात, पण तो शरीरावाचून असतो. दख्खनमध्ये पूजिल्या जाणाऱ्या नालसाहेबाच्या रूपात तर इमामांच्या घोड्याची केवळ नाल उरलेली असते. आणि मिरवणुकीतील दुलदुल हा करबलाच्या रणातून स्वारावाचून परतलेला घोडा होय. परंपरेनुसार इमाम हुसेन यांच्या घोड्याचे नाव झुलजनाह आणि दुलदुल हे हजरत अली यांच्या वाहनाचे नाव. परंतु भारतीय लोकपरंपरेत दुलदुल हेच नाव रूढ झाले. तात्पर्य, मोहरमचा सारा विधी अनुपस्थित देहाभोवती रचलेला आहे. शोक करणाऱ्यासमोर मृत व्यक्ती नसते, तिने मागे ठेवलेली वस्तू असते.

याच जिल्ह्यात आषाढात दुसरी मिरवणूक येते. आळंदीहून निघालेल्या पालखीत ज्ञानेश्वरांची मूर्ती नसते, पादुका असतात. पादुका हीदेखील मोकळी झालेली जागाच. पालखीसोबत अंकलीच्या शितोळे घराण्याचे दोन घोडे चालतात. त्यांपैकी एकावर स्वार असतो आणि दुसरा, माउलींचा अश्व, स्वाराविना धावतो. त्याच्यावर साक्षात ज्ञानेश्वर आरूढ असतात अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. रिंगण पार पडले की त्याच्या टापांखालची माती कपाळी लावली जाते.

दोन्ही घोड्यांची पाठ रिकामी आहे, परंतु त्या रिकामेपणाचा भाव भिन्न आहे. दुलदुलच्या पाठीवर कोणी नाही, हे पाहून समुदाय रडतो. माउलींच्या अश्वाच्या पाठीवर कोणी दिसत नाही, म्हणूनच तेथे कोणी आहे असे मानून समुदाय आनंदाने धावतो. एकीकडे अनुपस्थिती हा आघात आहे, दुसरीकडे तीच उपस्थितीची खूण आहे. हुसेन यांच्या घोड्याकडे पाहताना हा भेद मनाशी बाळगणे उपयुक्त ठरते.

घोड्याचे रूप

हुसेन यांच्या घोड्याची घडण अनेक स्रोतांतून झाली. इंदूरला बालपणी पाहिलेल्या मोहरमच्या मिरवणुकीचा उल्लेख अनेक अभ्यासकांनी केला आहे. १९५२ मध्ये ते चीनला गेले आणि तेथे तंग काळातील मातीच्या घोड्यांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. इटालियन शिल्पकार मारिनो मारिनी यांच्या अश्वशिल्पांचाही त्यांनी विचार केला. मारिनी यांच्या शिल्पांत घोडा आणि स्वार हे जोडीने येतात, आणि पुढच्या काळातील शिल्पांत स्वार तोल जाऊन कोसळू लागतो. हुसेन यांच्याकडे ही कोसळण्याची घटना चित्राच्या आधीच घडून गेलेली असते. स्वार नाही आणि घोडा धावतो आहे, या क्षणापासून त्यांचे चित्र सुरू होते.

त्यांच्या अनेक चित्रांत घोड्याची मान मागे वळलेली किंवा वर ताणलेली दिसते. नाकपुड्या फुगलेल्या, जबडा उघडा, पाय अर्धवट रेखाटलेले असतात. बाह्यरेषा जाड, तुटक आणि वेगवान, तर रंग पुष्कळदा सुरीने थापलेला असतो. लगाम किंवा खोगीर सहसा आढळत नाही. घोडे एकमेकांत इतके मिसळतात की कोणता पाय कोणाचा हे सांगणे कठीण व्हावे. ही सर्व लक्षणे केवळ वेगाची म्हणून वाचली तर मागे वळलेल्या मानेचा अर्थ लागत नाही. पुढे धावणारे जनावर मागे का पाहते? दुलदुलची कथा माहीत असणाऱ्या प्रेक्षकाला हा प्रश्न पडणार नाही. मात्र या घोड्यांत जो उन्मेष आहे, जो दुःखाशी विसंगत वाटावा इतका प्रबळ आहे, त्याचा उलगडा केवळ दुलदुलने होत नाही. तेथे रिंगणातील अश्वाचे स्मरण साहाय्यभूत होते. हुसेन यांनी रिंगण पाहून चित्रे काढली असा दावा येथे करावयाचा नाही. रिकामी पाठ एकाच वेळी वियोगाची आणि सान्निध्याची खूण असू शकते, हे ज्या संस्कृतीला ठाऊक आहे त्या संस्कृतीत हे चित्र वाचावे, इतकेच सुचवावयाचे आहे.

अचकन आणि पातळ

हुसेन यांची आत्मकथा 'एम. एफ. हुसेन की कहानी अपनी जुबानी' या नावाने प्रसिद्ध आहे. तिच्यातला एक प्रसंग या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. आजोबांच्या मृत्यूनंतर लहान मकबूल दिवसभर त्यांच्या खोलीत बसून राहतो आणि रात्री त्यांच्याच बिछान्यावर, त्यांची तपकिरी अचकन पांघरून झोपतो. आजोबांच्या कुशीत शिरल्याप्रमाणे तो त्या वस्त्रात शिरतो. ही अवस्था पाहून वडील त्याला बडोद्याच्या वसतिगृहात पाठवितात. आत्मकथेत हुसेन स्वतःचा उल्लेख 'लडका' असा तृतीय पुरुषी करतात, हेही लक्षणीय आहे. शोक सांगणाराही आपली जागा किंचित मोकळी करतो.

वस्त्र हे देहाच्या ठिकाणी येणे, ही कल्पना पुढे त्यांच्या एका प्रसिद्ध मालिकेचा गाभा बनली. १९८० च्या सुमारास त्यांनी मदर तेरेसा यांच्यावर चित्रे काढण्यास आरंभ केला. या चित्रांत निळ्या काठाचे पांढरे पातळ आहे, त्याच्या ठळक घड्या आहेत, मूल सावरणारे हात आहेत, परंतु चेहरा नाही. पदराच्या आत केवळ काळोख आहे. मालिकेतील काही चित्रांची मांडणी ख्रिस्ती कलेतील 'पिएता'ची, म्हणजे मृत ख्रिस्ताला मांडीवर घेतलेल्या मातेच्या शिल्पप्रकाराची, आठवण करून देते. ही मातृशोकाची सर्वांत परिचित युरोपीय प्रतिमा आहे. हुसेन यांनी तिच्यात एक मोठा बदल केला. पिएतामध्ये मातेच्या मुखावर शोक असतो आणि प्रेक्षक तो वाचतो. येथे मुखच नसल्याने शोकाची दिशा उलटी होते. माता मुलासाठी शोक करीत आहे की मूल मातेला शोधीत आहे, हे निश्चित होत नाही.

आईचा चेहरा न आठवणाऱ्या मुलाने बिनचेहऱ्याची माता रंगविली, हे स्पष्टीकरण सोपे आणि सर्वश्रुत आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. बालपणी आई गमावलेले चित्रकार अनेक असतात आणि ते सर्व चेहरा गाळीत नाहीत. चरित्र चित्राचे निमित्त सांगते, त्याची रीत सांगत नाही. ती रीत शरीरावाचून असलेल्या पंजात, देहावाचून असलेल्या ताबुतात आणि आजोबांवाचून असलेल्या अचकनीत आहे. हुसेन यांनी वैयक्तिक दुःखाला सामुदायिक विधीचे व्याकरण दिले, हे त्यांचे कर्तृत्व होय.

या दृष्टीने १९५६ मधील 'बिटवीन द स्पायडर अँड द लॅम्प' हे आरंभीचे चित्रही पाहण्यासारखे आहे. प्राचीन शिल्पांची आठवण देणाऱ्या पाच स्त्रिया, वर दिवा, एकीच्या हातून धाग्याने लोंबणारा कोळी आणि वाचता न येणारी अक्षरे, अशी त्याची रचना आहे. या स्त्रिया एकमेकींशी बोलत नाहीत. त्या कशासाठी जमल्या आहेत, तेही कळत नाही. मात्र एखाद्या घरी काही घडून गेल्यावर बायका जमाव्यात तसे त्यांचे उभे राहणे आहे. लिपी आहे पण वाचता येत नाही, समारंभ आहे पण त्याचे नाव माहीत नाही. कथेपूर्वीचा विधी येथे दिसतो.

कुरुक्षेत्र आणि करबला

१९७१ मध्ये साओ पावलो येथील द्वैवार्षिक प्रदर्शनासाठी हुसेन यांना निमंत्रण मिळाले. त्याच प्रदर्शनात पाब्लो पिकासो यांचीही चित्रे होती. हुसेन यांनी या प्रसंगासाठी महाभारत हा विषय निवडला. त्यापूर्वी राममनोहर लोहिया यांच्या सूचनेवरून त्यांनी रामायणावर चित्रे काढली होती, त्यामुळे पुराकथा त्यांना नवी नव्हती. परंतु महाभारत मालिकेचा भाव निराळा आहे.

या मालिकेत देवत्वाचा गौरव गौण आहे. ताणलेले हात, एकमेकांत अडकलेले देह, रथ, घोडे, हत्ती यांच्या गर्दीत कोण कोणाच्या बाजूचा आहे, हे ओळखणे कठीण जाते. 'गंगा-जमुना' या जोडचित्रात तर एकच आकृतिबंध दोन फलकांत विभागला जाऊन परस्परांवर उलटतो. कुरुक्षेत्र आणि करबला या दोन्ही कथांत मारणारे परके नसतात, ते आप्त किंवा स्वधर्मीय असतात. म्हणून विजय निरर्थक ठरतो आणि उरलेल्यांच्या वाट्याला शोक येतो. महाभारताला स्त्रीपर्वाची गरज का भासली, याचे उत्तर यात आहे. ज्या वर्षी उपखंडात बांगलादेशचे युद्ध होऊन फाळणीने निर्माण केलेला देश पुन्हा दुभंगला, त्या वर्षी भाऊबंदकीच्या महाकथेचे हे वाचन व्हावे, याला निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

येथे तैयब मेहता (१९२५–२००९) यांच्याशी तुलना उद्बोधक ठरेल. तेही मुंबईत घडलेले बोहरा चित्रकार होते. १९४७ च्या दंगलीत एका माणसाला जमावाने ठार मारताना त्यांनी पाहिले आणि त्या दृश्याने त्यांचा आयुष्यभर पाठलाग केला. त्यांची कोसळणारी मानवाकृती, जखडलेला बैल, महिषासुर या सर्वांत आघाताचा क्षण गोठविलेला आहे. मेहता देहापाशी थांबतात. हुसेन देह उचलला गेल्यानंतर येतात. मेहतांच्या चित्रात आक्रोश तुटलेल्या आकाराच्या रूपाने चित्रपटलावर राहतो, तर हुसेन यांच्या चित्रात तो मिरवणुकीत विरून पुढे जातो. दोन्ही शोकाच्याच रीती आहेत. पहिली अधिक कठोर आहे आणि तिच्यात सांत्वनाला जागा नाही. दुसरीत सांत्वन आहे, आणि तिचा धोकाही त्या सांत्वनातच आहे.

पुनरुक्तीचा प्रश्न

तो धोका दृष्टिआड करून हुसेन यांचे मूल्यमापन करता येणार नाही. घोडा, बिनचेहऱ्याची माता, छत्री, कंदील ही चिन्हे त्यांनी शेकडो वेळा वापरली. त्यांतील बरीच चित्रे सराईत हाताची आहेत. त्यांत रेषेचा डौल असतो, पण रिकाम्या जागेचा ताण नसतो. मदर तेरेसा मालिकेतही उत्तरोत्तर पातळाचा निळा काठ सही केल्याप्रमाणे येऊ लागतो आणि पदरातील काळोख सजावटीचा भाग बनतो.

यावर असा युक्तिवाद करता येईल की विधीदेखील पुनरुक्तीच असतो, मोहरम आणि आषाढी दरवर्षी येतात. परंतु विधीच्या पुनरुक्तीला तिथी असते, समुदाय असतो, आणि अखेरीस विसर्जन असते. ताबूत थंडे केले जातात, सवाऱ्या पुन्हा पेटीत जातात. वर्षभर ताबूत दिवाणखान्यात ठेवण्याची रीत नाही. बाजारासाठी होणाऱ्या पुनरुक्तीला यांपैकी काहीच नसते. तेथे चिन्ह वाढत जाते आणि अर्थ उणावतो. १९५४ मधील 'ग्रामयात्रा' हे त्यांचे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्क येथे सुमारे १.३८ कोटी डॉलरला विकले गेले. ते चित्र त्या किमतीला पात्र आहे किंवा नाही हा येथील प्रश्न नाही. विसर्जनाची सोय नसलेल्या प्रतिमेचे पुढे काय होते, हा प्रश्न आहे.

हुसेन यांना हा प्रश्न जाणवला होता, असे मानण्यास आधार आहे. १९९२ मध्ये कोलकात्याच्या टाटा सेंटरमध्ये त्यांनी सहा दिवस प्रेक्षकांसमोर देवींची चित्रे रंगविली आणि अखेरच्या दिवशी पांढरा रंग फिरवून ती मिटवून टाकली. दुर्गाविसर्जनाच्या शहरात हे घडले. त्याच सुमारास मुंबईच्या जहांगीर कलादालनात 'श्वेतांबरी' हे प्रदर्शन झाले. त्यात चित्रे नव्हती. दालनभर पांढरे कापड सोडलेले होते आणि जमिनीवर वर्तमानपत्रांच्या चिंध्या विखुरल्या होत्या. काहींनी ही चमत्कृती मानली, आणि प्रसिद्धीचे तंत्र हुसेन यांना अवगत होते हेही खरे. तथापि पांढरे वस्त्र, देहाची अनुपस्थिती आणि पायाखाली कालच्या बातम्यांचा चुरा ही मांडणी त्यांच्या समग्र कलेशी सुसंगत आहे. अचकनीपासून सुरू झालेला प्रवास येथे निव्वळ वस्त्रापाशी येऊन थांबतो.

समारोप

१९९६ मध्ये हुसेन यांच्या जुन्या सरस्वती-रेखाटनावरून वाद उसळला. पुढील दशकात त्यांच्यावर अनेक खटले दाखल झाले आणि २००६ मध्ये त्यांनी देश सोडला. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ मे २००८ रोजी त्यांच्या बाजूने निर्णय दिला, परंतु ते परतले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व स्वीकारले. ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले आणि इंग्लंडमधील ब्रुकवुड दफनभूमीत त्यांचा दफनविधी झाला. २०२५ च्या अखेरीस त्यांच्या कलेला वाहिलेले 'लौह व कलम' हे संग्रहालय उभे राहिले, तेही दोहा येथे.

या वादांत हुसेन यांना 'हिंदू पुराकथा रंगविणारा मुसलमान चित्रकार' या सूत्रात बसविण्यात आले. विरोधकांनी हे सूत्र आरोप म्हणून वापरले, समर्थकांनी उदारतेचा दाखला म्हणून. दोघांनीही दोन वेगळ्या परंपरा गृहीत धरल्या आणि चित्रकाराला एकीतून दुसरीत गेलेला प्रवासी ठरविले. मैंदर्गीच्या परिसरात नवसाचा पंजा धरणारा आणि आषाढीला पंढरीची वाट चालणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. त्याला हे सूत्र परके वाटेल. त्याच्या अनुभवात स्वारावाचून चालणारा घोडा दोन्ही मिरवणुकींत असतो. एका ठिकाणी तो पाहून डोळे पुसावयाचे असतात आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्या टापेखालची माती कपाळी लावावयाची असते.

हुसेन यांची सर्वच चित्रे या अनुभवाच्या उंचीची नाहीत. पुनरुक्तीने त्यांतील पुष्कळ चित्रे निस्तेज केली आहेत. परंतु ज्या चित्रांत घोड्याची पाठ, पदराचा अंतर्भाग किंवा दोन फलकांमधील फट खरोखर रिकामी राहते, तेथे वैयक्तिक वियोग, महाकाव्यातील संहार आणि गावाचा विधी एकत्र येतात. ही चित्रे पाहण्याची दृष्टी कलादालनाने शिकविण्याची गरज नाही. ती ज्या जिल्ह्यात हुसेन जन्मले, तेथील मोहरमात आणि वारीत आजही उपलब्ध आहे. चित्रकाराचा देह परदेशी मातीत आहे आणि त्याचे घोडे जगभरच्या भिंतींवर आहेत. त्यांच्या पाठीवर कोण नाही, हे ओळखण्याची क्षमता मात्र या भूमीकडे अधिक आहे आणि ती वापरणे हे येथील अध्यापक-अभ्यासकांचे काम आहे.